स्मोल्डरिंग साहेबांचं स्वागत

भेस्तान, सुरत
११ डिसेंबर १९९६

ती. दाजींना आनंदाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि ताईचा खोकला कसा आहे? इकडे मी जिवंत आहे, एवढीच खुशाली.

दाजी, तुम्ही धरणगावला पोरांना इंग्रजी शिकवता, म्हणून विचारतो. स्मोल्डर म्हणजे काय, आणि हा शब्द मुळात आला कुठून? पांडेसऱ्याच्या आमच्या रंगाईच्या मिलमध्ये मी नुकताच बॉयलरवर सुपरवायझर झालो (इंग्रजी येतं असं मीच सांगितलं होतं, झालं ते झालं). गेल्या मंगळवारी वहीत रात्रपाळीच्या इंजिनिअरने लिहिलेलं, 'स्मोल्डरिंग इन कोल यार्ड'. मला वाटलं, कोणी स्मोल्डरिंग साहेब कोळशाच्या यार्डात तपासणीला आलेत. हार आणला, नारळ आणला, अर्धा तास ढिगासमोर उभा राहिलो. साहेब दिसेनात. म्हटलं ढिगामागे लघवीला गेले असतील, मोठ्या माणसाला हाक कशी मारायची? मग ढिगामागून धूर आला. म्हटलं, सिगार ओढतायत. मग जाळ आला! अर्धा ढीग गेला हो दाजी, बॉयलर बंद, आणि मॅनेजर धावत आले तेव्हा माझ्या हातात हार. म्हणाले, शनिवारपर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर पुन्हा फावडं घ्या. बारा वर्षं फावडं मारून इथवर आलो होतो. माझं तर डोकंच चालेनासं झालंय.

आपला,
आनंदा

ता. क. खरं सांगतो, खुलाशाचं मिटलं. नोकरी राहिली. अडलेले इंग्रजी शब्द मी रोज चिठ्ठीवर घरी नेतो आणि रंजना अर्थ सांगते (ती दहावी पास, मी सातवी). हा शब्द मी तिला दाखवलाच नव्हता. पण मॅनेजरला म्हणालो, बायकोने चुकीचा अर्थ सांगितला. ते हसले आणि सोडून दिलं.

ता. ता. क. शेजारच्या सरलाबाईंचा नवरा आमच्याच मिलमध्ये. त्यांनी हे रंजनाच्या कानावर घातलं. सहा दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही. साडी आणली, ती पिशवीतच पडून आहे. काल धीर करून विचारलं, स्मोल्डर म्हणजे काय गं? 'धुमसणे,' म्हणाली आणि आत गेली. सहा दिवसांत तेवढाच शब्द. ऑफिसातल्या भूपेंद्रने जाड डिक्शनरी काढून मूळही सांगितलं, धुराने जीव घुसमटणे. तेव्हा अर्थ पाठवू नका, ताईला पाठवा. पहिल्या गाडीने पाठवा. डिक्शनरीत काहीही असो, आमच्या घरातल्या शब्दाचं मूळ मीच आहे.