कॅन्टीनमधला माझा आवाज

१ ऑक्टोबर, सकाळी ९
राखोलीच्या या धाग्याच्या फॅक्टरीत कॅन्टीन सुपरवायझर होऊन नऊ वर्षं झाली. ठाण्याच्या हेड ऑफिसला बदली मागून सात. आज सुटकेची वाट दिसली. हेड ऑफिसने ताटं वाहणारा रोबो पाठवलाय. त्याचं रूप आणि आवाज कामगारांना कसा वाटतो, याचा रिपोर्ट मी द्यायचा. अकरा तारखेला मोठे साहेब स्वतः बघायला येणार. ते खूश झाले की ठाणं पक्कं.

३ ऑक्टोबर
रोबोला मुलीचा गोड आवाज, तोंडावर सदा हसू. कामगार त्याच्याशी गप्पा मारतात, सेल्फी काढतात. शिस्त नाही! हसू काढलं, भुवया चढवल्या, आवाज माझा भरला. शाळेच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन मी सलग तीन वर्षं केलंय. ‘कृपया बाजूला व्हा’ हे वाक्य चौदा वेळा रेकॉर्ड केलं.

४ ऑक्टोबर
यश. रोबो आला की सगळे चिडीचूप. वाइंडिंग खात्यातला नीलेश अर्ध्या जेवणातून उठून गेला. याला म्हणतात आदर.

७ ऑक्टोबर
आता रोबो कितीही बोलला तरी कोणी मान वर करत नाही. चहावाली भिमाबाई धुळ्याकडची, फटकळ. म्हणाली, आवाज तुमनाच शे ना साहेब, लोकेस्ले सवय शे. रिपोर्टमध्ये लिहिलं: कामगारांनी आवाज पूर्णपणे स्वीकारला.

९ ऑक्टोबर
कोठीतून बिस्किटं गायब होतात. रोबोचं चार्जिंग कोठीच्या दारातच बसवून घेतलं. तो पाठमोरा येऊन दारात उभा राहिला की मुंगीही आत शिरणार नाही. काय डोकं आहे माझं!

११ ऑक्टोबर, खंडेनवमी, १०.४०
साहेबांसाठी चांगले कप काढायला कोठीत आलो. मागोमाग रोबो चार्जिंगला दारात. हरकत नाही. निघ म्हटलं की निघेल.

१०.५०
निघत नाही. बाहेर मशीनपूजा चालू आहे. भिमाबाईने याला हार घातला आणि प्रत्येक मशीनच्या कपाळाला लावते तसं हळदकुंकू लावलं. याच्या कपाळाला कॅमेरा आहे. आंधळा झालाय. मी त्याच्या पाठीमागे, माझा हात पुढे कपाळापर्यंत पोचत नाही. मोबाइल टेबलावर. खिशात ही डायरी तेवढी. रोबो मलाच म्हणतोय, कृपया बाजूला व्हा.

११.१०
साहेब आले. हाका मारल्या. कोणी ढुंकून बघेना. गुदमरतंय. खरंच भीती वाटतेय.

११.२५
मला बाहेर काढा, नऊ वर्षं झाली, असं जीव तोडून ओरडलो. साहेबांनी विचारलं, हे काय? भिमाबाई म्हणाली, रोबो शे साहेब, दिवसभर असाच बोलस. साहेब बराच वेळ ऐकत उभे राहिले. अखेर कोणीतरी दखल घेतली!

१.१५
नीलेशने ओल्या फडक्याने कॅमेरा पुसला. रोबो निघाला, त्याच्यामागे मी. साहेब केव्हाच गेले होते.

१६ ऑक्टोबर
हेड ऑफिसचं पत्र आलं. यंत्राच्या आवाजात एवढी कळकळ साहेबांनी आजवर ऐकली नव्हती म्हणे. रोबोची ठाण्याला बदली, आवाजासकट. दुसरा येईपर्यंत इथे ताटं मी वाहायची.

दुपारी दोन्ही हातांत ताटं घेऊन म्हणून बघितलं, कृपया बाजूला व्हा. कोणी सरकलं नाही.