वहिनींचा प्रबंध, माझे अकरा फॉर्म

६ जानेवारी, मंगळवार
वहिनी म्हणल्या, "भाऊजी, दिवसभर त्या मोबाईलात तोंड घालून बसता, तर माझ्यासाठी बी बघा की काहीतरी." झालं. आजपासून मी संशोधक.
वहिनींचं बाहेरून एम.ए. चालू आहे, लघुप्रबंध तेवढा राहिलाय. परी झाली तेव्हा एकदा पुढं ढकलला. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा दुसऱ्यांदा. आता १२ फेब्रुवारी शेवटची. बीडला केंद्रावर जायचं, दोन परीक्षकांपुढं पडद्यावर दाखवत प्रबंध मांडायचा. न्हाई जमलं तर नाव बाद, पुन्हा पहिल्यापासून.
विषय वावरांची नावं. कुणाचं चिंचचं, कुणाचं पांढरीचं, आमचं हाडोळा. पाच गावं, चाळीस फॉर्म. परी दीड वर्षाची, आईला उठबस जमत न्हाई, दादा कड्याला साखर कारखान्यावर, सीझन संपल्याबिगर येत न्हाई. म्हणून फिरायचं मी, व्हिडिओ बघून सांगायचं मी, लिहायचं वहिनींनी. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलेला माणूस एम.ए.चा मास्तर.
पहिला व्हिडिओ : संशोधनाचा प्रश्न कसा ठरवावा. चष्मेवाले सर, मागं पंखा. अर्ध्यात शेजारी दिसलं, एकानं पाण्याच्या मोटारीवर होडी केलती. ती बघितली. चालली होडी.
(यापुढं वहिनी = व. हात दुखतो.)

९ जानेवारी, शुक्र.
व. भाकरी थापत होत्या, मी ओट्याला टेकून वहीतलं वाचत होतो. "गृहीतक म्हंजे आपण आधीच धरून चाललेलं, पण अजून तपासायचं राहिलेलं..."
"जसं की भाऊजी कामाचे हायत."
आई हसून हसून पदर तोंडाला.
नमुना निवड सांगायला घेतली तर त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त माहिती. म्हणलं मग व्हिडिओ कशाला? तर म्हणे, "कुणीतरी समोर बसून ऐकायला लागतं."

१५ जाने.
एकोणतीस फॉर्म झाले. पारावर बसलं की गडीमाणसं आपण होऊन सांगतात, चहा वेगळा. पाय मोडले तरी मजा आली. शिवारातनं जाताना आता नावं दिसतात, नुसती ढेकळं न्हाई.

१७ जाने., शनिवार
अकरा राहिलेले, दिंद्रुडच्या अंगाचे. निघालतो तिकडंच. रस्त्यात सल्या भेटला. "कपिलधारला चल बे, लई दिवस झाले." कुठं दिंद्रुड, कुठं कपिलधार. गेलो. धबधब्याची धार बारीक झालीय, तरी खाली उभं राहिलं की अंगावर काटा येतो. सल्या झोपला. मी झाडाखाली बसून अकरा फॉर्म भरून टाकले. चार डाव्या हातानं, अक्षर वेगळं दिसावं म्हणून. नावं सुचत गेली. एक तर फक्कड : भुताची पट्टी, जिथं भर दुपारी बैल आपोआप थांबतात.
चाळीस पूर्ण.

२१ जाने.
व.नी सगळे फॉर्म वाचले. परीला मांडीवर आडवी घेऊन, पेन कानावर. मधेच म्हणल्या, "भाऊजी, हे भुताची पट्टी! काय माणसं हायत हो. मी सुरुवात यानंच करणार." त्यांच्या मार्गदर्शक सरांना फोन लावून वाचून दाखवलं. सर म्हणे उत्तम, पहिल्याच स्लाइडवर घ्या.
मी परीला घेऊन बाहेर गेलो.

२४ जाने., शनि.
आजचा व्हिडिओ : संशोधनातली नीती. मी सगळे दीडपट वेगानं बघतो. हा पण तसाच लावला, मग वेग कमी केला, मग परत पहिल्यापासून. बाई शांतपणे सांगत होती. मनानं रचलेली माहिती म्हंजे सगळ्यात मोठा गुन्हा, एक खोटा फॉर्म सापडला की खऱ्या फॉर्मावर पण कुणी विश्वास ठेवत न्हाई.
व.नी विचारलं, आज काय बघितलं? म्हणलं, एका स्लाइडवर सहाच ओळी.
उद्या सांगतो.

२५ जाने.
न्हाई सांगितलं.

२७ जाने., मंगळ.
सराव. व्हिडिओत सांगतात, ऐकणाऱ्याच्या डोळ्यात बघून बोला. परीक्षक म्हणून बाबांना बाजेवर बसवलं. व. सासऱ्यापुढं कधी मान वर करून बोलल्या न्हाईत. उभ्या राहिल्या, तोंड भिंतीकडं. आवाज निघंना. म्हणलं वहिनी, डोळ्यात बघा. त्या हळूच, "मामांच्या?"
बाबांनी काय केलं, पेपर उघडला आणि तोंडापुढं धरला. पेपरामागनं म्हणले, "हां पोरी, बोल आता. मी परीक्षक हाय."
आणि व. बोलल्या. खणखणीत. आई चुलीपासनं बघायली. मला कसंतरीच झालं.
ओळख संपली, पहिल्या स्लाइडची भुताची पट्टी आली. पेपर खाली आला. "हे कुठलं वावर?"
मी म्हणलं, दिंद्रुडकडं.
"त्या शिवारात मी पंधरा वर्षं नांगर हाकलाय. असलं वावर न्हाई तिथं."
व.नी बाबांकडं बघितलं न्हाई. माझ्याकडं बघितलं.

त्याच दिवशी, सांजच्याला
शेळ्या बांधताना सांगितलं. अकराच्या अकरा. डावा हात, कपिलधार, सगळं.
व. ओरडल्या न्हाईत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणल्या, "मला उंबऱ्याबाहेर निघता येत न्हाई म्हणून तुमाला पाठवलं. मी तुमच्या डोळ्यानं बघत होते, भाऊजी."
आत गेल्या. अकरा कोरे फॉर्म आणून शेळीच्या गव्हाणीवर ठेवले.

२९ जाने., गुरु.
सकाळपासून दिंद्रुडकडं. बाजाराचा दिवस न्हाई तरी वाड्यावस्तीवर गडी एक न्हाई, कुणी ऊसतोडीला, कुणी तालुक्याला. बाया तूर झोडपायल्या. परत फिरणार होतो. पण कोरे फॉर्म घेऊन घरी जायची छाती न्हाई. म्हणून एका म्हातारीपुढं बसलो. कौसाबाई.
पहिलाच प्रश्न, कुटुंबप्रमुखाचं नाव. ती हसायली. "दगडूचा बाप लिही." नवऱ्याचं नाव काही घेईना. सुनेनं सांगितलं शेवटी.
वावराचं नाव? "सावलीचं."
लिहिलं. तेवढ्यात दगडूचा बाप आलाच सायकलवरनं. "कुठलं गं सावलीचं? इनामाचं हाय ते. आज्या-पणज्यापासून."
"असंल तुमचं इनाम. बाभळ एकच त्याच्यात. तिच्याखाली पाच लेकरं निजवली मी."
"चाळीस वर्षं भाकर आणतीस, तर कुठं आणतीस म्हणून सांगतीस?"
"सावलीच्यात!" आणि सगळ्या बाया एकदम, सावलीच्यातच म्हणतो आमी.
म्हातारा माझ्याकडं बघून म्हणला, "लिही बाबा दोन्ही. मला घरात राहायचंय."
पुढच्या घरी मुद्दाम बाईला आधी विचारलं. तिथं पण नाव वेगळं. त्याच्या पुढच्या घरी पण.
व.ना फोन केला. परवापासून धड बोलल्या नव्हत्या. सगळं सांगितलं. त्यांनी रडणाऱ्या परीला थोपटलं. मग, "भाऊजी, पहिले एकोणतीस कुणाला विचारले?"
गड्यांना, म्हणलं. पारावर, हाटेलात.
"आन् मी बाई असून फॉर्मात बाईचा रकाना ठेवला न्हाई."

३० जाने.
आईला विचारलं. घरातच होती की, कधी विचारलं न्हाई. आई, आपल्या वावराला तू काय म्हणतीस?
"झोळीचं."
लिंबाला झोळी बांधायची, त्यात आधी दादा, मग मी. वस्तीतल्या सगळ्या बाया झोळीचंच म्हणतात म्हणे. चोवीस वर्षं झाली, मला आज कळतंय.
म्हणलं मग हाडोळा? तर लसूण सोलत म्हणाली, "मेलेली ढोरं ओढायच्या बदल्यात दिलेली जमीन, म्हणून ते गावानं ठेवलेलं नाव हाय. आमी कावून म्हणावं?"
व.नी गॅस बंद केला, वही आणली आणि आईपुढं मांडी घालून बसल्या. मी उठलो, चहा मीच केला.

५ फेब्रु.
अकरा पूर्ण, सगळे खरे. जुन्या एकोणतीसपैकी चौदा घरी परत गेलो, बायांना भेटायला. एका घरी कुत्रं लागलं मागं, पँट गेली. बाकीच्या पंधरा घरांना वेळ न्हाई. व. म्हणल्या, तसंच लिहिणार, वेळ पुरला न्हाई म्हणून.
आज वाटेत एकदाच थांबलो, विहिरीत क्रेन उतरवत होते. अर्धा तास. प्रगती आहे.

८ फेब्रु., रवि.
व.नी सरांना फोनवर सगळं सांगितलं, खोट्या अकरासकट. सर म्हणे, "नवे भरलेत ना? मग जुन्यांचं नाव काढू नका. परीक्षक त्याच्यावरच अडून बसतील. पास व्हायचंय की न्हाई तुमाला?"
फोन स्पीकरवर होता. मी मान खाली घालून कांदा चिरत होतो. मनात म्हणलं, सर बरोबर सांगतायत. माझ्यापायी त्यांचं वर्ष जायला नको. तसं बोललो पण.
व. म्हणल्या, "बघू."
त्यांचं बघू मला कळत न्हाई.

११ फेब्रु.
शेवटचा सराव. घाई न करणं, हात बांधून न ठेवणं, पडद्याकडं पाठ. प्रत्येक मुद्द्यानंतर थोडं थांबायचं. त्या थांबल्या की परी टाळ्या वाजवती.
अकराचं काही बोलल्या न्हाईत सरावात. सुटलो असं वाटलं. मग तसं वाटल्याची लाज वाटली.

१२ फेब्रु., गुरु. बीड. केंद्राच्या व्हरांड्यात, बाकावर
गाडीवर येताना व.चं पाठीमागं पुटपुटणं चालू. हिरवी साडी. आईनं निघताना परीला उचलून त्यांच्याकडनं घेतलं, बाबा म्हणले, "डोळ्यात बघून बोल गं, परीक्षकांच्या." व. वाकून पाया पडल्या आणि चक्क बाबांकडं बघून हसल्या.
दार उघडंच होतं, मला बाकावरनं दिसत होतं. पहिल्या स्लाइडवर कौसाबाई, नवरा, इनामाचं, सावलीचं. मॅडम परीक्षक पुढं सरकून बसल्या. दुसऱ्या स्लाइडवर चारच ओळी. पहिल्यांदा भरलेले अकरा फॉर्म खोटे होते. माझ्या दिरानं भरले होते. त्यानं स्वतः येऊन सांगितलं. ते रद्द करून नवे भरले.

दुसरे परीक्षक, वयस्कर, म्हणले, "मग बाई, बाकीच्यांवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"
व. म्हणल्या, "बाहेर बसलेत. त्यांनाच विचारा, सर."
आत बोलावलं. उभं कसं राहायचं, हात कुठं ठेवायचे, चाळीस व्हिडिओ बघितलेले सगळे गेले. सर म्हणले, सांगा. म्हणलं, एकोणतीस खरे होते सर, पण अर्धेच खरे, कारण बायांना विचारलंच नव्हतं. मग थांबता येईना. तूर, सायकलवाला म्हातारा, नाव न घेणं, झोळी, आई लसूण सोलताना काय म्हणली ते. मॅडमनी लिहून घेतलं काहीतरी. वयस्कर सरांनी चष्मा काढून ठेवला, चेहरा जसाच्या तसा.
मग दोघांनाही बाहेर बसायला सांगितलं.
व. म्हणल्या, "लई बोललात भाऊजी."
म्हणलं, घाण केली का?
"काय माहीत." पाणी प्यायल्या. अर्धी बाटली माझ्यापुढं धरली. "पर माझ्यापेक्षा चांगलं बोललात."
म्हणलं, वहिनी, ती स्लाइड काढली असती तर...
"तर मी तिथं उभी राहिले नसते."
शिपाई आला. बाई एकट्याच या.
पर्स माझ्या मांडीवर ठेवून, पदर सारखा करून आत गेल्या. या वेळी दार लावून घेतलं. वीस मिनिटं झाली. आतनं कुणीतरी हसल्यासारखं वाटलं, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग काही न्हाई.
बाहेर कसं बसायचं ते कुठल्याच व्हिडिओत सांगितलेलं न्हाई. पर्स घट्ट धरून बसलोय.