दोनदाती माशीच्या शेपटाचे टोक आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, संग्रहालयाच्या कीटक विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. मन स्थिर आहे असे मात्र लिहिणार नाही. लिहायला बसल्यापासून चार वेळा या खुर्चीवरून उठले आहे. शुक्रवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी झडपेला घाबरलेलीच नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे या इमारतीतला वरचा मजला आणि गच्चीचा अर्धा भाग, माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला, म्हणजे माझ्या भावजयीला मिळावे. भाऊ जाऊन अकरा वर्षे झाली. त्यानंतर तिने मला कधी एकटीला जेवू दिले नाही, आणि माझ्या टेबलावरची धूळ मला न विचारता कधी पुसली नाही. घर ठेवायचे की विकायचे हे तिने ठरवावे. तिच्या वतीने दुसऱ्या कोणी ठरवू नये. हे वाक्य कोणासाठी आहे ते माझ्या पुतण्याला बरोबर कळेल.

कलम २. बँकेतली ठेव आणि कपाटातले दागिने, जे काही थोडेफार आहेत ते, भावजयीलाच.

कलम ३. पुतण्याला माझे मनगटी घड्याळ आणि टेबलफॅन. महिनाभर खपून वेगळ्या केलेल्या नऊशे माश्या मी कागदावर मांडून ठेवल्या होत्या, तेव्हा त्याने येऊन हा पंखा लावला आणि म्हणाला, “आत्या, तुझ्या मेलेल्या माश्यापण उडतात की!” तो त्या वेळी लहान नव्हता, एकतीस वर्षांचा होता. माया आहेच, पण पंखा त्याच्याकडेच गेलेला बरा.

कलम ४. माझा खासगी संग्रह, अठरा पेट्या, संग्रहालयाला द्यावा. त्यात बहुतेक नाचऱ्या माश्या आहेत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: या डासाएवढ्या माश्या ओढ्याच्या पाण्यावर थव्याने वरखाली नाचतात. नर एखादा किडा पकडून आणतो, काही प्रकारांत तो रेशमात गुंडाळतो, आणि मादीला देतो. दिसायला त्या एकमेकींसारख्याच. पंखाच्या शिरा, पायावरचे केस सारखे निघाले, तर शेवटी नराच्या शेपटाचे टोक बघावे लागते. तिथे एक बारीक आकडा असतो आणि प्रत्येक प्रजातीचा आकडा निराळा. माझे सगळे आयुष्य या आकड्यांवर गेले. त्याची खंत नाही.

(पाणी प्यायला उठले होते. तहान नव्हती.)

कलम ५. हे कलम सोमवारी एकदा लिहिले, फाडले, आज बुधवारी पुन्हा लिहीत आहे.

एकतीस वर्षांपूर्वी विभागात माझ्या हाताखाली एक मापन सहायक होते. कोणी काही अंदाजाने बोलले की त्यांना सहन व्हायचे नाही, म्हणून सगळे त्यांना मापाडी म्हणत. कागद कारखान्यामागच्या ओढ्यावरून आम्ही दोघांनी शेकडो माश्या आणल्या होत्या. त्या साऱ्या एकाच प्रजातीच्या, असे पुस्तकांत होते. एके दुपारी मापाड्यांनी मला बोलावले.

“बाई, हे बघा. या आकड्याला एक दात आहे. आणि याला दोन.”

“मोडला असेल एखादा.”

“बासष्ट नरांचा एकाच जागी मोडला?”

म्हणजे त्या दोन प्रजाती होत्या. एकदाती आणि दोनदाती. शोध त्यांचा होता. लेख मी लिहिला, आणि तळटीपेत त्यांचे आभार मानले.

आता जुने नाव दोघींपैकी कोणाचे? नियम असा की ज्या एका माशीवरून ते नाव पहिल्यांदा दिले, तो मूळ नमुना बघायचा. तो जिचा, नाव तिचे. दुसरीला नवे नाव. मूळ नमुना आमच्याच संग्रहालयात होता. मी गृहीत धरले की तो एकदाती असणार, आणि दोनदातीला नवे नाव देऊन मोकळी झाले.

“मूळ नमुना तपासू या ना आधी,” मापाडी म्हणाले.

“तपासलाय,” मी म्हणाले.

तपासला नव्हता. लेख छापायला गेल्यावर एका सुट्टीच्या दिवशी मी तो खणातून काढला. शेपूट मऊ करताना टोक तुटले. भिंगाखाली धरले तर दोन दात. मी ते वीस वेळा मोजले. म्हणजे मी जिला नवी म्हणून नाव दिले तीच जुनी होती, आणि जिला जुनी समजले तिला नावच नव्हते.

टोक मी एका कुपीत ग्लिसरीनमध्ये ठेवले आणि कुपी पर्समध्ये टाकली. नोंदवहीत काही लिहिले नाही.

दोन महिन्यांनी विभागप्रमुखांनी तुटका नमुना पाहिला. आम्हा दोघांना समोर उभे केले. नोंदवहीत शेवटची नोंद मापाड्यांची होती, पंख मोजण्यासाठी काढल्याची.

“मी ठेवला तेव्हा शाबूत होता,” मापाडी म्हणाले.

प्रमुखांनी माझ्याकडे पाहिले. “तुमचं काय म्हणणं?”

“नोंदवहीत आहे ते आहे,” मी म्हणाले.

एवढेच बोलले. तेवढे पुरले. मापाड्यांना दगडांच्या विभागात पाठवले. पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागले, मग स्वतःचे दुकान काढले. मी दिलेल्या नावाची माशी एकतीस वर्षे पुस्तकांत राहिली.

सोमवारी मी लिहिले होते की माझ्या पश्चात ही कुपी मापाड्यांना पोचवावी. लिहिले आणि खोलीत येरझारा घालत राहिले. कपडे वाळत घालायला गच्चीवर निघालेली भावजय दारातच थांबली.

“वन्सं, खालच्या बाईंनी दोनदा छत ठोकलं. काय झालंय ते बोला तरी.”

मी सांगितले. जन्मात पहिल्यांदा कोणाला सांगितले. तिने बादली खाली ठेवली.

“ते आहेत का अजून?”

“आहेत. दुकान आता मुलगी बघते.”

“मग मृत्युपत्रात कशाला? घरात फोन आहे की.”

मंगळवारी फोन केला. मी सगळे एका दमात बोलून टाकले.  पलीकडून आवाज आला, “किती दात?”

“दोन.”

“नक्की?”

“नक्की.”

 मग ते म्हणाले, “मला वाटायचं, माझ्याच हातून तुटलं असेल. चुकून. लक्षात आलं नसेल. म्हणून मी परत कधी चिमटा धरला नाही.”

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला बसता तरी आले असते. फोन ठेवल्यावर मी जिने उतरले, पुन्हा चढले, आणि भावजयीने मला हाताला धरून घरात आणले.

आज सकाळी अकरा वाजता मी आणि मापाडी संग्रहालयात गेलो. कुपी विभागाच्या आताच्या प्रमुख बाईंच्या हातात दिली आणि घडले ते नोंदवहीत लिहून खाली सही केली. मापाड्यांनी टोक स्वतः भिंगाखाली ठेवले. बाईंनी त्यांच्यापुढे चिमटा केला, तेव्हा घेताना ते थोडे थांबले, मग घेतला. “दोन,” ते म्हणाले, आणि बराच वेळ डोळा वर केला नाही. दुरुस्तीचा लेख आम्ही तिथेच बसून लिहिला. त्यावर त्यांचे नाव पहिले आहे. दोनदातीला मी दिलेले नाव रद्द होईल. एकदातीला नाव ते ठेवतील. “मी एखादं सुचवू का?” असे मी विचारले. “नको,” म्हणाले.

त्यांनी मला क्षमा केली असे या कागदावरून कोणी समजू नये. त्यांनी तसे म्हटलेले नाही आणि मी विचारलेले नाही.

कलम ६. ~~माझा सूक्ष्मदर्शक, त्याच्या दोन्ही जादा भिंगांसह, मापाड्यांना मिळावा.~~ हे कलम खोडले आहे, कारण असे. दुपारी वकीलबाई घरी आल्या. मापाडी संग्रहालयातून माझ्याबरोबरच आले होते. भावजयीला या कागदातून मिळणार असल्याने तिची साक्ष चालणार नव्हती, आणि दुसऱ्या साक्षीदाराची गरज होती. मापाडी म्हणाले, “मी करतो सही.”

“मग तुम्हाला यातून काही मिळणार नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “साक्षीदाराला दिलेलं बाद होतं. सूक्ष्मदर्शक हवा असेल तर दुसरं कोणी बघू.”

“खोडा ते.”

“अहो, विभागातल्यापेक्षा चांगला आहे तो,” मी म्हणाले. “तुमच्याच हाती शोभेल.”

“तुमची वस्तू नको मला, बाई. पाचवं कलम वाचून दाखवा आणि माझ्यासमोर सही करा. मला ते बघायचंय.”

मी कलम पाच मोठ्याने वाचले. तीन ठिकाणी थांबावे लागले. 

सूक्ष्मदर्शक संग्रहालयाला द्यावा.

कलम ७. शुक्रवारनंतर मी जगले, तर वरील सर्व तसेच राहील. कलम पाच मागे घेण्याचा अधिकार मी स्वतःकडे ठेवलेला नाही.

सही: (लिहून ठेवणारी)

साक्षीदार पहिल्या: वकील. सही आमच्या दोघांच्या समक्ष झाली.

साक्षीदार दुसरे, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात: मी चष्मे करणारा. पूर्वी कीटक विभागात मापन सहायक होतो. यांना ओळखतो. चार वाजून सतरा मिनिटांनी यांनी माझ्यासमोर सही केली. पूर्ण शुद्धीत होत्या. सही करताना यांचा हात थरथरत होता. माझा थरथरत नाही.

ठिकाण: राहते घर, वरचा मजला.
दिनांक: ११ मार्च, बुधवार.