संदेशच्या गाडीचा वेग

टाकवे बुद्रुक,
४ डिसेंबर २०२४

चि. समीक्षास कस्तुराआत्याचा आशीर्वाद. वि.वि.

माज्या संदेशशी शेवटचं बोलले त्यो फोन हातात धरवत न्हाई, म्हणून कागदावर लिवते. त्याच्या बापाचं वर्षश्राद्ध व्हतं. पानं वाढलीत, लवकर ये, असं मीच त्याला म्हणाले. अर्ध्या तासात ट्रकनं घात केला. घाईत गाडी पळवली म्हणून गेला, असं समदा गाव म्हणतो. सून कोमल तर दहाव्यालाच बोलली की आईंनीच घाई केली, आन् उर्श्याला माहेरी निघून गेली. आता घरात मी येकली. तुजं कामच अपघाताच्या तपासाचं. त्यो किती जोरात व्हता, खरं सांग.

तुजी आत्या

लोणावळा,
१९ डिसेंबर २०२४

ती. आत्यास शि.सा.न.वि.वि.

नात्यातली केस माझ्याकडे देत नाहीत, पण साहेबांनी अहवाल वाचू दिला. दादाने ब्रेक दाबला तिथपासून टायरचे काळे वळ बारा मीटर होते. तुझ्या परसाएवढे. त्याच रस्त्यावर तशीच गाडी चालवून, ब्रेक मारून पाहिला. वेग जास्त असता तर वळ खूप लांबले असते. चेपलेल्या पत्र्यावरून धडकेचा जोर काढला, ट्रकचा वेग वेगळा धरला. नेमका आकडा सांगता येत नाही, पण दादा ताशी पंचेचाळीस ते बावन्न किलोमीटरच्या मधे होता. तो आपल्याच बाजूने येत होता. ट्रक त्याच्या अंगावर आला. प्रत सोबत पाठवते. जेवत जा गं.

तुझी समीक्षा

टाकवे बुद्रुक,
२ जानेवारी २०२५

चि. समीक्षास अनेक आशीर्वाद. वि.वि.

कागद घेऊन उर्श्याला गेलते. कोमलनं उभ्या उभ्याच वाचला. लय रडली. मग म्हणाली, माज्या फोनमागनं तिनंबी त्याला फोन केलता, आई चिडल्यात, गाडी पळवा म्हणून. दोन म्हैने तिनं ते कुणाला सांगितलं न्हवतं. मला राग आला न्हाई. दोघींनी घाई केली, तरी माजा पोरगा सावकाशच येत व्हता.

ती फाट्यापत्तुर सोडाय आली. घरी चल म्हणायचं माज्या व्हटावर आलं, पर म्हणाले न्हाई. तीबी येते म्हणाली न्हाई. यष्टी आली तशी तिनं माजी पिशवी वर दिली आन् गाडी दिसंनाशी हुईस्तोवर उभी व्हती.

सवड काढून येत जा. आत्याला इसरू नको.

तुजी कस्तुराआत्या