हिरव्या साडीचा वास

२३ एप्रिल, शुक्रवार
घरी. तेरा दिवसांनी सांगलीच्या दवाखान्यातून सुटका. अण्णांनी शेजारच्या वस्तीवरची पिकअप मागून आणली होती. मी मागं हौद्यात, गादीवर उताणा. तासगाव सोडलं आणि वर नुसतं आभाळ, मधूनच विजेच्या तारा, एखादी चिंच. वाटलं गाडी जागेवरच उभी आहे आणि आभाळ मागं पळतंय.

आई अजून तिथंच. मी तापात होतो तेव्हा उशाशी बसून राहिली, मला नेलं त्याच्या चौथ्या दिवशी तिलाही नेलं. निघताना खालून तिच्या खिडकीला हात केला. आतून कुणीतरी हलवला. वाटेत अण्णा म्हणाले, बायकांचा वॉर्ड मागल्या अंगाला आहे. मग मी कुणाला हात केला, आणि त्यानं मला कोण समजून? असो. दोघांचंही काम झालं.

२४ एप्रिल
वास नाही. कांदा, कापूर, अण्णांची बिडी, सगळं सारखंच. आत्या जतहून आलीय, आई येईपर्यंत चूल सांभाळायला. लसणाची पाकळी ठेचून माझ्या नाकाखाली धरून उभी.
"आला?"
"नाही."
"आता?"
एसटीची वाट बघावी तसं.

संडासापर्यंत चालत गेलो, धाप लागून बांधावर बसलो. फेब्रुवारीत सोळाशे मीटर पाच वीसमध्ये मारत होतो. ऑक्सिजन ९३. भरतीच्या मैदानावरनं मीच हे दुखणं घरी आणलं. कुणी तसं बोलत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

२५ एप्रिल, रविवार
चंद्री दूध चोरतेय. आईला दवाखान्यात नेल्यापासून. अण्णा धारेला बसले की अंग आकसून घेते, फुलपात्रभर देते, वर लाथ. ही म्हैस पहिल्या वेतापासून आईच्या हातावरची, दुसऱ्याला कासेला शिवू देत नाही. असंच चाललं तर आटेल.

दुपारी आईचा फोन. सिस्टरनं धरला होता. तोंडाला मास्क, आवाज विहिरीतून आल्यासारखा. मला वाटलं, तब्येत विचारेल.
"चंद्रीनं पान्हा सोडला का?"
मी म्हटलं, नाही.
"माजी साडी घे अंगावर. हिरवी, गोठ्यातली. धुऊ नगंस. तिला वासानं कळतं."
मग दम लागला तिला. थोडा वेळ नुसता भात्याचा आवाज. मग, "तू जेवलास का?"

अण्णांनी लगेच साडी गुंडाळून बघितली. मिशा, बिडी आणि हिरवी साडी. चंद्रीनं हुंगलं आणि चरवी उडवली. आत्या म्हणाली, "मी न्हाई बाई जायची तिच्या बुडी." राहिलो मी.

२६ एप्रिल
भावी जवान, हिरवी साडी, डोक्यावर पदर. कुणी फोटो काढला असता तर भरतीचं नावच नको.

चंद्रीनं मान वळवली. खांद्यावरच्या पदराला नाक लावलं आणि इतका लांब श्वास घेतला की मलाच हेवा वाटला. मग सगळं अंग सैल सोडलं. रेडकू दोन घोट प्यालं, मी बसलो, आणि पान्हा उतरला. चरवी फेसानं वर आली. अण्णा दारातून बघत होते, पाठ फिरवून उगीचच वैरण सारखी केली.

नंतर पदराच्या त्याच जागी मी नाक खुपसलं. काही नाही. तिला आई सापडली, माझ्या हाती नुसतं कापड.

२९ एप्रिल, गुरुवार
डॉक्टरांनी पालथं झोपायला सांगितलंय. लिंबाखाली बाज टाकून दुपारभर पालथा. बाजेच्या सुंभातून खालची जमीन दिसते, मुंग्या, लिंबोळ्या, सावलीचे हलते तुकडे. डोळा लागतो, सुटतो. स्वप्नात मैदानावर पळत होतो, पाय जमिनीला टेकत नव्हते, आवाज काहीच नाही. शेवटच्या रेघेपाशी आई चरवी घेऊन उभी. मी जवळ येतो तशी रेघ मागं सरकते, आणि ती हसते, सावकाश ये म्हणते. जाग आली तर चंद्री पलीकडं रवंथ करत होती. तिचा श्वास आणि माझा एका लयीत चालले होते. पुष्कळ वेळ कळेना कुठला कुणाचा.

ऑ. ९४. आईचा फोन. एकच शब्द, "दूध?"
"चरवी भरली."
हसली बहुतेक. किंवा खोकली.

३ मे, सोमवार
आई गेली. पहाटे.
अण्णांनी फोन अंगणात घेतला. "व्हय. व्हय. येतो." एवढंच. मला चल म्हणाले नाहीत, मीही म्हटलं नाही. पिकअप गेली तिची धूळ बराच वेळ वर तरंगत होती, खाली बसायला तयार नव्हती.

काय लिहू

संध्याकाळी धार काढायची होतीच. साडी घेतली. चंद्रीनं हुंगलं, पान्हा सोडला, रोजच्यासारखाच. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही सांगितलं. तिच्या पोटाला डोकं लावून रडलो, तेवढा वेळ ती पाय न हलवता उभी राहिली.

५ मे
मिरजेला लांबूनच झालं सगळं. चेहरा दिसला नाही म्हणाले अण्णा, दिसला असता तरी ओळखायची हिंमत नव्हती.

दवाखान्यातून एक पिशवी मिळाली. प्लास्टिकची, तोंडाला दोन गाठी. आत तिची जाताना नेसलेली जांभळी साडी, कंगवा, चष्मा. आत्या चार हात लांब उभी. "पेटवून टाका. न्हाईतर कृष्णंत सोडा. घरात ठिवू नगा." आपल्यात तसंच करतात, गेलेल्याचे कपडे ठेवत नाहीत. आत्या वाईट नाही, भ्यालीय. तिच्या गल्लीत तीन गेले.
अण्णा "न्हाई" म्हणाले आणि पिशवी गोठ्यात वरच्या खुंटीला अडकवली.

मग आत्यानं हिरवी साडी उकळायला मागितली. मी ओरडलो तिच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. "आत्या, आवं, तेवढंच ऱ्हायलंय!" म्हणालो. ती डोळ्याला पदर लावून आत गेली. रात्री ताटात मला तुपाची जास्तीची धार.

११ मे, मंगळवार
चंद्री आज तीनदा हुंगत होती. खांदा, पाठ, पुन्हा खांदा. काहीतरी शोधत असल्यासारखी. मग अर्धीच चरवी. साडीतली आई कमी होत चालली असेल का? डबीतला कापूर उडतो तशी? आणि माझं नाक बंद. देवा, एवढंच मागतो. ती संपायच्या आत नाक उघडू दे. एकदाच. मग भरती नको, काही नको.

रोज सकाळी साडी तोंडावर घेऊन बाजेवर पडतो. डोळ्यांपुढं हिरवं ऊन. वास नाही, पण आत बसल्यासारखं वाटतं. ऑ. ९७. विहिरीपर्यंत चालून आलो.

१४ मे
नाक उघडतंय, पण वेडंवाकडं. चहाला जळक्या टायरचा वास. भाकरीलाही. आत्या म्हणते, माझ्या हाताला नावं ठेवतोस. ठेवतोच.
धारेला साडी घेतली, पण नाकाशी नेली नाही. आईला टायरचा वास आला तर?

१७ मे, सोमवार
सकाळी आत्यानं कांदा चिरला आणि मला कांदा आला. खरा कांदा, डोळ्यांत पाणी. ताट तसंच टाकून गोठ्यात पळालो. पळालो! तीस पावलं असतील. साडी काढली, तोंड खुपसलं.

शेण. पेंड. आंबलेलं दूध. आणि घाम. तो घाम मी ओळखतो, माझ्या पळायच्या बनियनला असतो. माझाच.
घडी न् घडी उलगडून बघितली, काठ, निऱ्या, पदराचं टोक जिथं ती हात पुसायची. सगळीकडं मी.

तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ अंगावर घेतली. मीच पुसून काढली तिला. चरवीभर दुधासाठी.

अण्णा आले. त्यांना म्हटलं, मग ही इतके दिवस दूध कुणाला देत होती? ते खाली बसले, माझ्याशेजारी शेणातच.
"आठ-धा दिस झालं, तुलाच देती ती. मला कळलं हुतं."
"सांगितलं का नाही?"
"सांगून काय करू रं संतू. तू त्या साडीत असलास की मलाबी बरं वाटायचं."

संध्याकाळी साडी न घेता बसलो. चंद्रीनं माझा दंड हुंगला आणि पान्हा सोडला. लय राग आला तिचा. भरली चरवी ओतून द्यावी असं वाटलं. ओतली नाही, आई ओरडली असती.

२० मे
आत्या जतला गेली. जाताना हिरवी साडी दोरीवर नीट वाळत घालून गेली, न धुताच. माझ्या हातावर लसणाची एक गड्डी ठेवली, "वास आला तर माजी आठवण काढ." हसलो दोघं. महिन्यात पहिल्यांदा असेल.

दुपारी पुन्हा तेच स्वप्न, पण या वेळी रेघ जागेवर होती आणि तिच्यापाशी कुणीच नव्हतं. चरवी तेवढी ठेवलेली. मी शेजारी जाऊन बसलो. बरंही वाटलं, काय सांगू.

२३ मे, रविवार
सकाळी धार झाल्यावर अण्णा खुंटीकडं बघून म्हणाले, "सोडायची का गाठ?"

जांभळी साडी. ती आईनंच नेसलेली, मी नाही. ती गाठ कुणी सोडलेली नाही. पण माझं नाक अजून अर्धंच आहे, दिवसातून दोन-चार वेळा टायर जळतोच. आणि एकदा सोडली की हवा लागणार, एकदाच मिळणार. शिवाय आत दवाखानाच असला तर? फिनेल, औषधं. मग कुठं शोधायचं?
"उद्या बघू," मी म्हटलं.
"उद्या," अण्णा म्हणाले. त्यांचंही तेच असावं.

त्यांनी चंद्रीला पाण्याला सोडलं. खुंटीखालून जाताना ती थांबली. मान वर केली, पिशवीच्या गाठीला नाक लावलं आणि तो तसाच लांब श्वास घेतला. मग जागची हलेना. अंग सैल सोडून, डोळे अर्धे मिटून उभी. आत्ताच पिळलेल्या कासेतून दुधाचे थेंब खाली शेणात पडत होते.

दावं अण्णांच्या हातात होतं. त्यांनी ओढलं नाही.