एक मिळवायचे चार हुकूम

आये, तुला काय आठवणार म्हणा! तव्यावर भाकरी टाकून शेजारणीकडं जाऊन बसायचीस आणि धूर गल्लीत आला की मलाच विचारायचीस, "कुणाचं गं जळतंय?" म्हणून आधी ओळख सांगते. मी तुझी थोरली, सोलापुरात दिलेली. आता तुझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी झाले, तेव्हा जरा मान देऊन ऐक. अक्षर मला अजून येत नाही. मी बोलते, नात टाइप करते. मी "हाय" म्हटलं की ती "आहे" करते, म्हणून इथं मी उगाच शहाणी वाटेन; कुणाचं बोलणं सांगितलं तेवढं तसंच ठेवते.

ही माझ्या मुलाची मुलगी. मुलगा-सून नातेपुत्याला शाळेत शिकवतात, आम्ही दोघी इथं तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेल्यापासून मी जिना उतरत नाही. गॅलरीतून एमआयडीसीला जाणाऱ्या सायकली बघायच्या, एवढंच माझं फिरणं. आणि ही तीन वर्षं एका खुर्चीत. परदेशातल्या एका विमा कंपनीचं मेनफ्रेम म्हणून मोठं यंत्र आहे, त्याचा तिच्या बापाहून जुना प्रोग्राम ही घरातून सांभाळते. तिच्याच ऑफिसात पुण्याला मनाजोगं काम होतं, पण तो प्रोग्राम वाचता येणारी ही एकटीच, म्हणून सोडत नव्हते.

एकदा विचारलं, "दिवसभर काय बघत बसतीस गं?" म्हणाली, "आजी, या यंत्राला एकेक बारीक हुकूम निवडून द्यावा लागतो. आकड्यात एक मिळवायचा तर चार हुकमांतला कुठलाही चालतो." मी म्हणाले, "मग आखूड असंल त्यो दे की!" ती हसली. "जुन्या साहेबांनी तेच केलंय. यंत्रात आकडा कुठं ठेवलाय त्याचा पत्ता काढायचा हुकूम बेरजेला जुंपलाय. जागा वाचते, पण आकडा फार वाढला की वरचा भाग गुपचूप कापला जातो. नव्या माणसाला तर कळतच नाही बेरीज कुठं चाललीय. सरळ बेरजेचे हुकूम घातले, शेजारी कारण लिहिलं, तर पुण्याच्या ऑफिसात आलेली नवी मुलगी वाचू शकेल."

तेव्हा तुझंच वाक्य माझ्या तोंडून गेलं. "खुळी हायस का? अवघडच ऱ्हाऊ दे. तुझ्यावाचून अडलं पायजे." आणि तिनं ऐकलं. जिथं आकडा कापला जात होता तेवढं नीट केलं, बाकी कोडं तसंच ठेवलं.

मी मागाच्या कारखान्यात कामाला होते. तिथं उभ्या धाग्यांचा जुना ताणा संपला की नव्याचा एकेक धागा जुन्याला गाठायचा, हे तू मला शिकवलंस. तुझी गाठ चपटी, फणीत कधी अडकली नाही. वर बजावलंस, "कुणाला पुरती दावू नगंस. मग तुला कुणी हलवत न्हाय." खरंच हलवलं नाही. तू मोहोळला अंथरुणावर आहेस असा निरोप मंगळवारी आला. मालक म्हणाला, "दोन ताणे जोड, मग जा. तुझ्यावाचून कोण जोडणार?" कुणीच नव्हतं. मीच कुणाला येऊ दिलं नव्हतं. हात चालत होते आणि मोहोळ तासाभराच्या वाटेवर होतं. गुरुवारी पोचले तेव्हा तुला नेलं होतं. धाकटी म्हणाली, तू दाराकडं तोंड करून निजली होतीस.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पण दिवाळीनंतर नातीनं पुन्हा पुण्याचं विचारलं, आणि फोनमधून साहेबाचा गोड आवाज आला, "तुझ्याशिवाय कोण बघणार गं?" माझ्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. तिनं फोन ठेवला तसं तिला खाली बसवलं आणि तुझा मंगळवार ते गुरुवार सगळा सांगितला. म्हणाले, "बदल ते समदे हुकूम. आंधळ्यालाबी वाचता यावं असं कर."

दोन महिने ती खपली. आता ती नवी मुलगी न विचारता वाचते म्हणे.

आणखी एक, आये. तो सल्ला मी तिच्या भल्यासाठी दिला नव्हता. ती इथंच अडकली असती तर मला नातेपुत्याला सुनेच्या राज्यात जावं लागलं नसतं.

इथं हिची बोटं थांबली. मी म्हणाले, "लिही की."

"मला ठाऊक होतं, आजी."

"मग ऐकलंस कशाला?"

"माझ्यावाचून अडतं म्हटलं की मलाही बरं वाटायचं."

बघ, दोघीही तुझ्याच. पत्र कुठं पाठवायचं म्हणून ती विचारतेय. मी तिला म्हणाले, "कुठं नको, तुझ्यापाशीच ठेव."

तुला तिकडून काही धाडावंसं वाटलंच तर धपाटे धाड, तिळाचे, चांगले आठ-दहा. दही नको, गाडीत सांडतं. आणि विसरून मला पाठवशील, तर मला नको. पोरगी रविवारी पुण्याला निघालीय, तिच्या हातात दे.