अध्यासनाचं पहिलं व्याख्यान आणि माझं 'नको'

पावणे, ११ डिसेंबर १९९४

तीर्थस्वरूप जयप्रकाश दाजींना नामदेवचा नमस्कार. गुडघा कसा आहे? ताईला सांगा, इकडे सगळे जेवूनखाऊन बरे आहेत.

घराची चौकट, खाडीतली होडी, ताईच्या लग्नातलं कपाट (त्याची बिजागरी तुम्ही उपटलीत) आणि जमिनीच्या मोबदल्याचा हायकोर्टात वकिलाशिवाय जिंकलेला अर्ज, एवढं मी कुणाकडे न शिकता स्वतःच्या हाताने केलं. हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही नोकरी करता त्या विद्यापीठाला नव्हतं. पनवेलच्या बदरुद्दीनशेठनी तिथे वडिलांच्या नावाने कायद्याचं अध्यासन काढलंय, भूसंपादन शिकवायला. पहिलं व्याख्यान मी द्यावं, असं त्यांनीच सुचवलं.

मंगळवारी शेठ आणि मी तिथे गेलो. अध्यासन दाखवा म्हटलं, तर विभागप्रमुख बाई म्हणाल्या, ते दाखवता येत नाही. खोली नाही, फळा नाही, प्राध्यापक अजून नेमायचाय. रक्कम बँकेत, तिच्या व्याजावर पगार. म्हणजे नाव शेठच्या वडिलांचं, पैसे शेठचे आणि माणूस निवडणार तिसरेच. (गावदेवीच्या भंडाऱ्यालासुद्धा भाजी कोणती ते पैसे देणारा ठरवतो.) मग आज नक्की काय स्थापन झालंय, असं मी विचारलं. बाईंनी चहा मागवला.

चहा झाल्यावर त्यांनी रीतसर विचारलं, व्याख्यान द्याल का. मी म्हटलं, नको, आम्ही कसले, मोठी माणसं बोलवा. आता पंगतीत पहिल्या 'नको'ला कुठला वाढपी पुढे जातो? अजून दोनदा आग्रह झाला की मी मान्य करणारच होतो. बाईंनी 'बरं' म्हणून पेनाला टोपण लावलं. मी थांबलो. कपबशा उचलून नेल्या तरी थांबलो. जिन्यात शेठ म्हणाले, "नामदेव, सरकारशी इतकी वर्षं भांडलास, एक 'हो' बोलायला काय जात होतं तुझं?" घरी आमची सौ. पुतळा म्हणाली, "बरं झालं. आमी रोज ऐकतोय तेवढं पुरे हाय."

मला वाईट वगैरे काही वाटलेलं नाही.

आपला,
नामदेव

ता. क. भाषण लिहून तयार आहे. कोट इस्त्री करून आणलाय.

आणखी ता. क. तुम्ही बाईंच्या खालच्याच मजल्यावर बसता. सहज वर जाऊन म्हणा, त्या पावणे गावच्या गृहस्थांना पुन्हा विचारून बघा. मी सांगितलं असं म्हणू नका. आणि विचारतील तेव्हा दोनदा तरी विचारायला सांगा.

शेवटचं. कुठलं व्याख्यान, असं बाईंनी विचारलं तर घोळ नको, म्हणून मी काय नाकारलं ते नेमकं लिहितो: अध्यासनाचं उद्घाटनाचं व्याख्यान, एक तास, शाल, श्रीफळ, आणि गाडीभाड्यासकट मानधन रुपये दोनशे एक्कावन्न फक्त.